खोट्या सुईचं वर्ष

३ मार्च

माननीय डॉक्टरसाहेब,

मायना वाचून हसू नकोस. इतक्या वर्षांनी सख्ख्या भावाला काय म्हणून हाक मारायची, हे ठरवण्यात माझा चहा गार झाला. ‘प्रिय’ लिहवेना. ‘भोपळ्या’ लिहायचा हक्क अजून उरलाय की नाही, ते कळेना. म्हणून पेपरात छापतात तसंच लिहिलं.

तुझ्या बक्षिसाची बातमी मला गिऱ्हाइकाकडून कळली. एक बाई कोटाच्या बाह्या आखूड करायला आल्या होत्या. मी त्यांच्या मनगटापाशी टाचण्या लावत होते आणि त्या सांगत होत्या की, कुठल्याशा औषधाला म्हणे फार मोठं पारितोषिक मिळालं, अंगात जोर नसलेली पोरं त्या औषधानं चालायला लागतात, आणि ते शोधणाऱ्यांतला एक जण म्हणे मूळचा इथलाच. मी म्हटलं, ‘हो का?’ आणि टाचणी टोचली. त्यांना नाही, मला.

अभिनंदन. हे मनापासून आहे, त्यात खोट नाही.

आता कामाचं. परवा त्या पारितोषिकवाल्या संस्थेच्या कचेरीतून एका मुलीचा फोन आला. फार गोड बोलत होती. दवाखान्यात दर तपासणीला पोरांचं चित्रीकरण करतात, कोण किती पावलं टाकतं, किती वेळात उठतं, त्यातला आमच्या धाकट्याचा, भिंगरीचा, धावतानाचा तुकडा त्यांना समारंभात, तुझ्या भाषणाच्या वेळी, पडद्यावर दाखवायचाय. त्यासाठी आईबापांची सही हवी. मी विचारलं, ‘आणि मोठीचं?’ ती म्हणाली, ‘मोठी कोण?’

त्यांना कुणी सांगितलेलंच नाही की या घरात दोन पोरं आहेत, दोघांना एकच आजार आहे आणि दोघांना तुझंच औषध मिळतं. धाकट्याला जन्मल्याबरोबर मिळालं, म्हणून तो पायाला चाकं लावल्यासारखा पळतो आणि त्याचं नाव भिंगरी. मोठीला खरोखरच चाकं आहेत, खुर्चीची. बारा वर्षांची झाली. दिवसभर वाद घालते, म्हणून ती वकीलबाई. आपलं बोलणं बंद झालं तेव्हा तिला हे नाव पडायचं होतं.

सही करणार नाही. कारण विचारू नकोस, तुला ते माहीत आहे. आणि फोनही करू नकोस. फोनवर मी तुझ्याशी का बोलत नाही, हेही तुला माहीत आहे.

तुझी
ताई
(सवयीनं लिहिलं गेलं.)


११ मार्च

डॉक्टर,

चार पानं! शाळेत निबंध लिहायचा म्हटला की तुझ्या पोटात दुखायचं.

पहिलं पान वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. बक्षीस तुझ्या एकट्याचं नाही, तुम्हा सगळ्यांचं आहे, आणि त्यातली दोन माणसं ते बघायला उरली नाहीत, हे लिहिलंस ते आवडलं. दुसऱ्या पानावर आरएनए आणि ऑलिगो-बिलिगो सुरू झालं तेव्हा मी सरळ तिसरं पान काढलं. मला ते कळत नाही असं नाही. तूच मला याच दुकानात, या कापडाच्या टेबलावर बसून समजावलं होतंस. पेशीत एक शिंपी बसलाय. त्याच्याकडे कापड बरोबर येतं, पण शिवताना दर वेळी तो एक तुकडा टाकून देतो, म्हणून सदरा अंगात बसत नाही. तुमचं औषध म्हणजे एक इवलीशी पट्टी. ती नेमक्या जागी चिकटली की शिंप्याचा हात अडतो आणि तुकडा शाबूत राहतो. मी विचारलं होतं, ‘त्यापेक्षा शिंप्यालाच हाकलून नवा का नाही ठेवत?’ तू म्हणालास, ‘ताई, तेही करेल कुणीतरी. मला पट्टीच जमते.’ गिऱ्हाइकांना मी तुझं औषध अजून असंच समजावते.

तिसऱ्या पानावर मात्र घोडं अडलं. तू लिहितोस, समारंभाला सरकारातली माणसं येणार आहेत. जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन या आजाराची तपासणी करायची की नाही, ते यंदा ठरायचंय. भिंगरीला धावताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, तर आणखी काही पटवावं लागणार नाही. म्हणजे मी सही केली नाही, तर कुठल्या कुठल्या बाळांचं वाटोळं माझ्या माथी. शाब्बास. खिंडीत गाठायची तुझी जुनी सवय गेली नाही.

आणि भिंगरीची तपासणी कुणामुळे झाली रे? त्याच्या आधी मोठी आजारी पडली म्हणून. नाहीतर त्याचंही दुखणं आम्हाला उशिराच कळलं असतं.

तुझं पत्र वकीलबाईनंही वाचलं. मी लपवलं नव्हतं, मशीनवर पडलं होतं. आधी म्हणाली, ‘मामाचं अक्षर म्हणजे शाईत बुडवून सोडलेल्या मुंग्या.’ मग म्हणाली, ‘आई, त्या फिल्ममध्ये मी का नाही?’ मी म्हटलं, ‘तू काय इथे आम्हाला कमी दिसतेस?’ ती हसली नाही. ‘खरं सांग,’ म्हणाली. मला नाही सांगता आलं.

तर असं कर, तूच तिला लिही. औषध निघालं तोवर तुला उशीर झाला होता, इतकंच लिही. तिला इतकंच माहीत आहे. त्यापुढे एक अक्षर नको. बजावून सांगतेय.

बाकी आम्ही बरे आहोत. तिची पाठ थोडी वाकलीय, पण त्याचं काय एवढं.

ताई


२४ मार्च

अरे,

कोणी सांगितलं होतं तुला? एक अक्षर जास्त नको म्हणून बजावलं होतं ना? पालथ्या घड्यावर पाणी. तू त्या पोरीला सगळं लिहिलंस.

तिनं ते आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं, कोर्टात वाचतात तसं. ‘तू लहान असताना या औषधाच्या चाचणीत होतीस. औषध लागू पडतं की नाही हे ठरवायला काही मुलांना ते द्यायचं असतं आणि काहींना नाही. कुणाला मिळणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. तुला ते मिळालं नाही. तुझ्या पाठीत सुई नुसती कातडीला टोचायचे आणि वर पट्टी लावायचे, म्हणजे तुझ्या आईबाबांनाही फरक कळू नये.’ तुझे भावोजी जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला.

मला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर खुर्ची भिंतीवर नेऊन आपटेल. मागे एकदा आपटली होती. पण तिनं पत्राची घडी घातली आणि विचारलं, ‘मग माझ्या वाटणीचं कुणाला मिळालं?’

भावोजी म्हणाले, ‘असं कुणाच्या वाटणीचं नसतं, बाळा.’

‘असतंच की. चिठ्ठी निघाली म्हणजे कुणाची तरी निघाली. ते पोर चालतं का?’

 याचं उत्तर तुला येत असेल तर कळव, शास्त्रज्ञ आहेस.

आता तू भांडं फोडलंच आहेस, तर उरलेलंही फुटू दे. ते वर्ष तुला कागदावरून माहीत आहे, मला बाकावरून. पोरीला आत नेत आणि दार लावून घेत. आईबापांनी बाहेर, लाकडी बाकावर. बाहेर आली की तिच्या पाठीवर पट्टी असायची आणि ती सोडवायची नाही अशी सक्त ताकीद. मी सोडवली नाही. चाचणी सुरू झाली तेव्हा ती माझ्या मशीनला धरून उभी राहायची आणि खालचं पायडल हललं की खिदळायची. चाचणी संपली तेव्हा बसवायची तरी पाठीमागे उशी लागायची. आणि मी सगळ्यांना सांगत सुटले होते, औषध चालू आहे, आता उतार पडेल.

तिसऱ्या सुईनंतर मी तुला फोन केला, आठवतं? डॉक्टरांनी सगळ्या आयांना सांगून ठेवलं होतं की, मणक्यातलं पाणी काढून त्या जागी औषध घालतात, त्यामुळे नंतर पोरांचं डोकं दुखतं, ओकाऱ्या होतात, घाबरू नका. बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईचा मुलगा दोन-दोन दिवस उशीवरून मान उचलायचा नाही. आणि आमची पोर बाहेर आल्या आल्या बिस्किट मागायची. मी तुला म्हटलं, ‘अरे, माझ्या पोरीचं डोकंसुद्धा दुखत नाही! वाघीण आहे वाघीण!’

तू गप्प झालास. मला वाटलं फोन कट झाला. मी हॅलो हॅलो केलं. मग तू म्हणालास, ‘छान आहे, ताई. काळजी घे.’

पुढे ती चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवली, औषध चालतं हे दिसलं म्हणून, आणि सगळ्या पोरांना खरं औषध दिलं. पहिली खरी सुई झाली आणि वाघीण रस्त्यातच भावोजींच्या सदऱ्यावर ओकली. घरी आल्यावर दोन दिवस डोकं धरून रडत होती. मी तिच्या कपाळावरची ओली घडी बदलत होते आणि एकाएकी मला तुझा तो फोन आठवला. तुझं गप्प होणं आठवलं. त्यानंतर मी तुझा फोन कधी उचलला नाही.

हा एक प्रश्न गिळून बसलेय. त्या दिवशी तुला कळलं होतं का? हो की नाही, तेवढंच लिही. मग सहीचं बघू.

ताई


६ एप्रिल

तुझं पत्र मिळालं.

‘हो,’ एवढंच लिहून बाकीचं पान तू कोरं सोडलंस. मी म्हटलं, वा, सांगितलं तेवढंच केलं, पहिल्यांदाच. मग पान उलटलं.

मागे तू लिहिलंयस, खात्री नव्हती, पुष्कळ पोरांचं डोकं खऱ्या औषधानंही दुखत नाही, पण मी ‘वाघीण’ म्हणाले आणि तू ओळखलंस. सांगितलं असतंस तर मी तिला चाचणीतून काढून घेतलं असतं. बाहेर ते औषध कुठेच नव्हतं आणि चाचणीत टिकलेल्या पोरांनाच ते सगळ्यांत आधी मिळणार होतं. शिवाय प्रत्येक आईला असं कुणीतरी कानात सांगत बसलं असतं, तर औषध आजही सिद्ध झालं नसतं. तुझं हे सगळं वाचताना मी एका गिऱ्हाइकाची विजार शिवत होते. तिचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले. उसवायला दुपार गेली.

तू म्हणतोस ते खरं आहे. मी तिला काढूनच घेतलं असतं, त्याच दिवशी, पायात चपलासुद्धा न घालता. मग तिला आणखी कितीतरी काळ काहीच मिळालं नसतं, आणि आज ती पेन धरते, स्वतःच्या हातानं घास खाते, खुर्ची चालवते, तेही राहिलं नसतं. एवढं गणित मला येतं. तू चुकलास याचा मला राग नाहीच. तू बरोबर होतास आणि एकटाच होतास, आणि मी फोनवर नाचत होते, याचा राग आहे. त्या वर्षी एका पोरीसाठी बहीण हसत होती आणि भाऊ रडत होता, आणि बहिणीला त्याचा पत्ताच नव्हता. माझी शोभा झाली असं वाटतं रे. तुझ्यासमोर झाली, हे जास्त लागतं.

तू मला थांबवायला हवं होतंस. कसं, ते मला विचारू नकोस. ‘ताई, फार आशा लावून बसू नकोस,’ एवढं तरी म्हणायचं होतंस. मला तेव्हा कळलं नसतं. नंतर कळलं असतं, आणि तुझी आठवण झाली असती तर बरी झाली असती.

फोन ठेवल्यावर तू प्रयोगशाळेत परत गेलास आणि यंत्र लावून पट्ट्या बनवत बसलास, कारण दुसरं काय करावं ते सुचेना, असं तू लिहिलंयस. ते वाक्य मी दोनदा वाचलं.

पत्र भावोजींना दाखवलं. तुला माहीत आहे, ते कमी बोलतात. दिवसभर बंद पडलेल्या लिफ्टांशी बोलून त्यांचं बोलणं संपतं. ते म्हणाले, ‘लिफ्टमध्ये माणूस अडकला की मीही त्याला खोटंच सांगतो. झालं, आता दोन मिनिटं. खरं सांगितलं तर तो दार उचकटायला जातो आणि खाली पडतो.’ मला वाटलं, घ्या, हेही तुझ्या बाजूला गेले. मग हात धुऊन आल्यावर म्हणाले, ‘पण काम होईपर्यंत मी दारापाशी कुणाला तरी उभं करतो. आतल्याशी बोलत राहा म्हणून.’

तेवढंच तू केलं नाहीस.

ताई


२१ एप्रिल

भोपळ्या,

बघ, लिहिलं. वकीलबाईनं खटला माझ्या हातातून काढून स्वतःकडे घेतलाय, म्हणून मला थोडी उसंत मिळाली.

ते पोर चालतं का, याचं तिला तू दिलेलं उत्तर मी पाहिलं. ‘मला माहीत नाही आणि ते विचारायची मला परवानगी नाही. पण चालत असेल, असं मी धरून आहे.’ तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘ठीक आहे. चालू दे.’ मी आत जाऊन उगाच कपाट आवरलं.

मग तिनं विचारलं, ‘त्या वर्षाची माझीही फिल्म असेल ना दवाखान्यात?’ होती. मला माहीत होतं की असणार. मी ती कधी पाहिली नव्हती, पाहायचीही नव्हती. पण ही हटूनच बसली, की पुरावा बघितल्याशिवाय मी काही ठरवणार नाही. शेवटी मंगळवारी गेलो. व्यायामवाल्या बाई अजून त्याच आहेत, केस पांढरे झालेत. त्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, ‘कोण कुठल्या गटात आहे, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं हो. पण तुमची मुलगी उभी राहीना, तेव्हा मी मनातून ओळखलं होतं.’ म्हणजे ओळखणारा तू एकटा नव्हतास. गाव ओळखत होतं, आई सोडून.

फिल्ममध्ये तीच खोली आहे. भिंतीला लावलेली गादी, एक बुटकं टेबल, पिवळा चेंडू. हिच्या अंगात मी शिवलेला हिरवा फ्रॉक. पहिल्या तपासणीत त्याची खालची दुमड चांगली चार बोटं आहे. टेबलाला धरून उभी आहे, एक हात सोडून चेंडू ढकलते आणि दाराकडे बघून हसते, कारण दाराबाहेर मी बसलेय हे तिला माहीत आहे. पुढच्या तपासणीत दोन्ही हात टेबलावर. त्याच्या पुढच्या वेळी पोट टेबलाला टेकवलेलं. शेवटच्या तपासणीत फ्रॉकची दुमड मी सगळी सोडलेली दिसते. पोर वाढत होती ना. बाई तिला काखेत धरून उभी करतात आणि गुडघे मिटतात. त्या खाली बसवतात. ती म्हणते, ‘परत.’ पुन्हा उभी करतात, पुन्हा गुडघे मिटतात. ‘परत.’ रडत नाही. तिला वाटतंय खेळ आहे आणि तिला तो जरा नीट जमत नाहीये. चार वेळा ‘परत’ म्हणते.

मी जमिनीकडे बघत होते. ही पडद्याकडे. म्हणाली, ‘मी उभी राहायचे?’

‘राहायचीस की.’

‘मला आठवतच नाही.’

‘मला आठवतं,’ मी म्हटलं.

तिनं ती फिल्म आणखी एकदा लावायला सांगितली. मग निकाल दिला. ‘आई, नुसता भिंगरी दाखवून लोकांना काय कळणार? पोरगं पळतंय. पोरं पळतातच. आधी मी दाखवली, तरच कळेल की हा पळतोय म्हणजे काय.’

हे सरकारी माणसांना तुझ्या चार पानांत सांगता आलं नसतं. दोन्हीच्या सह्या पाठवतेय. तिची अट अशी की तिची फिल्म मध्ये कुठे कापायची नाही आणि मागे कसलंही रडकं संगीत लावायचं नाही. माझी अट वेगळी आहे. तिला काय टोचलं होतं, ते तू तुझ्या तोंडानं तिथे सांगायचंस. ‘उशीर झाला’ म्हणायचं नाही. ते आपण घरात पुष्कळ म्हणून झालं.

ताई


१८ मे

भोपळ्या,

दुपारी दुकान बंद ठेवून तुझा समारंभ टीव्हीवर बघायचं ठरवलं होतं, पण त्या कोटाच्या बाह्यांवाल्या बाई नेमक्या तेव्हाच आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या, त्यांना उठ कोण म्हणणार? भिंगरीनं शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आज मी पडद्यावर धावणार.

पहिली गोष्ट. तुझ्या कोटाच्या बाह्या दोन बोटं लांब होत्या. सगळं जग बघत होतं. एवढी शिवणारी बहीण असताना.

दुसरी गोष्ट. तू बोललास. कागद न काढता बोललास. ‘ही माझी भाची आहे. हिला आम्ही औषध दिलं नाही, सुई टोचल्याचं नाटक केलं. हिच्या आईला मी ते ओळखूनही सांगितलं नाही. औषध लागू पडतं हे आम्हाला अशा मुलांनी दाखवून दिलं, आणि बक्षिसाच्या कागदावर त्यांच्यासाठी जागा नसते.’ कोटवाल्या बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी कात्रीकडे पाहिलं.

मग ती फिल्म. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये ‘परत’ एवढंच ऐकू येत होतं. वकीलबाई हळूच म्हणाली, ‘बरी दिसायचे की मी.’ आणि मी उठून आत गेले, अल्टरेशनचे कपडे टांगलेत त्यांच्यामागे, आणि लोकांच्या कोटांत तोंड घालून रडले. ते रडणं त्या वर्षीचं होतं. तेव्हा रडायचं राहून गेलं होतं.

बाहेर आले तर भिंगरीनं घर डोक्यावर घेतलं होतं. तुझी वेळ संपल्याची घंटा झाली आणि त्याची फिल्म सुरू होते न होते तोच बंद केली म्हणे. एका बाजूनं आला, दुसऱ्या बाजूनं गेला, बस्स. ‘मी कुठाय? मी दिसलोच नाही!’ वकीलबाईनं त्याला जवळ ओढलं. ‘अरे येड्या, तू इतक्या जोरात धावलास की कॅमेऱ्याला सापडला नाहीस.’ तो खूष झाला, आता शाळेत तसंच सांगत फिरतोय.

तपासणीचं अजून काही ठरलेलं नाही, समिती नेमलीय असं पेपरात आलं. बसतील चहा पीत.

आता तिसरी गोष्ट. ती मी तुझ्यापासून लपवली होती. पाठ थोडी वाकलीय, असं तुला मार्चमध्ये लिहिलं ना, ती थोडी नाही. मणका पीळ पडल्यासारखा फिरलाय. मागच्या खेपेला डॉक्टरांनी तीन ठिकाणी प्रयत्न केला तेव्हा कुठे सुई आत गेली. या वेळी एक्स-रेखाली बघत घालणार आहेत, आणि नाहीच गेली तर पुढे काय ते नंतर बोलू म्हणाले. ‘नंतर बोलू’ म्हणणारी माणसं मला चांगली ओळखीची आहेत. औषध थांबलं तर हातातलं पेन जाईल. तिलाही हे कळतं, पण ती त्यावर विनोद करते.

तुला विचारावं असं मनात होतं, म्हणून तर फिल्मवरून एवढी भांडले. सरळ विचारायला जीभ रेटत नव्हती. पुढच्या महिन्यात सुई आहे. तू काही करू शकत नाहीस, हे मला माहीत आहे. तुला नुसतं माहीत असावं.

ताई


९ जून

भोपळ्या,

आज सुई होती. एक्स-रेमुळे आम्हाला आत थांबू दिलं नाही. तोच बाक, तेच बंद दार. भावोजी एका टोकाला, मी दुसऱ्या. फार वेळ लागला. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, ‘गेली असं वाटतंय.’ वाटतंय म्हणजे काय, ते त्यांना विचारायचा मला धीर झाला नाही.

गाडीत बसलो.  अर्ध्या रस्त्यात वकीलबाई म्हणाली, ‘बाबा, सरका,’ आणि ते सरकायच्या आत त्यांच्या सदऱ्यावर ओकली. भावोजी आधी सदऱ्याकडे बघत राहिले आणि मग एकदम हसायला लागले. आम्ही तिघंही हसलो.

आता ती पडलीय. डोकं ठणकतंय, खिडकीतला उजेडही नको म्हणते. मी तिच्या कपाळावर ओली घडी ठेवून शेजारी बसूनच हे लिहितेय. ती डोळे मिटून म्हणाली, ‘मामाला कळव. म्हणावं, फार दुखतंय, मस्त.’

हे पत्र पोचेल तोवर तिचं दुखणं थांबलेलं असेल. तरी फोन कर. मी उचलेन, आणि तुला हेच सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगेन. या वेळी गप्प बसू नकोस. काहीही बोल, पण बोल.

तुझी
ताई